राजन्य किती तेजस्वी? निळ्या ताऱ्यांविषयीच्या आपल्या लेखनाचे परीक्षण

हिवाळ्याच्या रात्री सहज ओळखू येणारे नक्षत्र म्हणजे मृग. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आणि त्याच्या मधोमध एका ओळीत तीन तारे. चौकोनाचे चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय आणि मधले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, अशी आपल्याकडची कल्पना आहे. या चार पायांपैकी ईशान्येकडचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, म्हणजेच बेटलज्यूज. त्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यातला, नैर्ऋत्येकडचा निळसर पांढरा तारा म्हणजे राजन्य, म्हणजेच रायजेल.

राजन्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. ताऱ्यांची भित्तिपत्रके, प्रश्नमंजूषेची पुस्तके, वृत्तपत्रांतील आकाशदर्शनाची सदरे, शालेय वाचनमाला या सर्वांत तो भेटतो. वर्णन बहुधा एकाच साच्याचे असते : निळा महाराक्षसी तारा, अंतर अमुक प्रकाशवर्षे, तापमान अमुक, सूर्यापेक्षा अमुक हजार पट तेजस्वी. एका पुस्तकात हा शेवटचा आकडा ४०,००० असतो, दुसऱ्यात ५७,००० आणि तिसऱ्यात १,२०,०००. शिक्षकांच्या शिबिरांत आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, यांतला खरा आकडा कोणता? उत्तरपत्रिकेत कोणता लिहिला तर गुण द्यायचे?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. विद्यार्थ्याला तीन पुस्तकांत तीन आकडे दिसले आणि त्यांची संगती कोणी लावून दिली नाही, तर तो दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर पुस्तके चुकीची आहेत, किंवा शास्त्रज्ञ अंदाजाने काहीही सांगतात. दोन्ही निष्कर्ष विज्ञानशिक्षणाला मारक आहेत. म्हणून या लेखात राजन्याची माहिती तर द्यायची आहेच, पण ती माहिती आपण ज्या रीतीने सांगतो त्या रीतीची झडतीही घ्यायची आहे. आमच्या मते या रीतीत चार दोष आहेत. पहिला शब्दाचा, दुसरा रंगाचा, तिसरा आकड्याचा आणि चौथा विक्रमांच्या हौसेचा.

एक शब्द, दोन अर्थ

'व्याध हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आहे' हे वाक्य आपण सर्वांनी वाचलेले आहे. 'राजन्य हा व्याधापेक्षा हजारो पटींनी तेजस्वी आहे' हेही वाक्य वाचलेले आहे. कधी कधी ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर असतात. दोन्ही खरी आहेत, पण 'तेजस्वी' हा शब्द दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने आला आहे. पहिल्या वाक्यात तो आपल्या डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाविषयी आहे. दुसऱ्यात तो ताऱ्यातून दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या एकूण ऊर्जेविषयी आहे.

मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन शब्द आहेत, आपण ते काटेकोरपणे वापरत नाही इतकेच. डोळ्याला दिसणाऱ्या तेजासाठी 'ठळक' हा घरगुती शब्द उत्तम आहे आणि त्याचे माप म्हणजे 'दृश्य प्रत'. ताऱ्याच्या अंगच्या तेजासाठी 'दीप्ती' हा परिभाषेतला शब्द आहे. व्याध हा सर्वांत ठळक तारा आहे, राजन्याची दीप्ती व्याधापेक्षा कितीतरी अधिक आहे, असे लिहिले की घोटाळा उरत नाही. या लेखात आम्ही हेच शब्द वापरू.

या दोन ताऱ्यांची तुलना वर्गात करण्यासारखी आहे, कारण आकडे सोयीचे आहेत. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे आणि राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षे, म्हणजे शंभरपट दूर. अंतर शंभरपट झाले की प्रकाश दहा हजारपट कमी होतो. एवढा कमी होऊनही राजन्य ०.१३ प्रतीचा, म्हणजे आकाशातील अगदी पहिल्या काही ठळक ताऱ्यांत गणला जाणारा आहे. त्याला उचलून व्याधाच्या जागी ठेवता आले असते, तर त्याची प्रत सुमारे उणे १० झाली असती. शुक्र सर्वांत ठळक असतो तेव्हाच्या त्याच्या तेजाच्या शंभरपटींहून अधिक आणि पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतके हे तेज. तेही एका बिंदूत एकवटलेले. तो दिवसाढवळ्या दिसला असता आणि रात्री त्याच्या प्रकाशात आपल्या सावल्या पडल्या असत्या.

निळा म्हणजे किती निळा?

दुसरा दोष रंगाचा. भित्तिपत्रकांवर राजन्य गडद निळ्या रंगाचा, जवळजवळ शाईच्या डागासारखा छापलेला असतो. विद्यार्थी गच्चीवर जाऊन पाहतो तेव्हा त्याला किंचित निळसर झाक असलेला पांढरा तारा दिसतो. आपण भलताच तारा पाहतो आहोत असे त्याला वाटते आणि तो डोळ्यांऐवजी छापील चित्रावर विश्वास ठेवतो. निरीक्षणाच्या पहिल्याच पायरीवर निरीक्षणावरचा विश्वास उडावा, ही गोष्ट गंभीर आहे.

वास्तविक तापलेली वस्तू एकाच रंगाचा प्रकाश देत नाही. ती सर्वच रंगांचा प्रकाश देते, तापमानानुसार त्यांचे प्रमाण बदलते. राजन्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १२,१०० केल्विन आहे, सूर्याचे ५,७७० केल्विन. राजन्याच्या प्रकाशात तांबड्यापेक्षा निळ्याचे प्रमाण जास्त असते, पण तांबडा, पिवळा, हिरवा हेही असतातच. त्या सर्वांच्या मिश्रणातून निळसर पांढरा रंग तयार होतो. तापमान तीस-चाळीस हजार केल्विनपर्यंत वाढवले तरी हा रंग शाईसारखा गडद होत नाही.

प्रारणाचे शिखर कोठे येते हे शोधण्याचा नियम सोपा आहे. २,९०० या संख्येला केल्विनमधील तापमानाने भागले की शिखराची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. सूर्यासाठी ती ०.५० येते, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या मधोमध. राजन्यासाठी ०.२४ येते, म्हणजे अतिनील भागात. हे किरण वातावरणातील ओझोन अडवतो, ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे राजन्याच्या ऊर्जेचा फार मोठा भाग आपल्याला कधी दिसतच नाही. निळसर रंग ही त्या न दिसणाऱ्या भागाची नुसती कड आहे. निळा तारा शिकवताना ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि आपल्या लेखनात नेमकी तीच गाळलेली असते.

तिच्या जागी बहुधा एक उपमा असते : 'गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असते आणि ती पिवळ्या ज्योतीपेक्षा गरम असते, तसेच ताऱ्यांचे.' ही उपमा सोडून द्यावी असे आम्ही आग्रहाने सुचवतो. गॅसच्या ज्योतीचा निळा रंग तापमानामुळे येत नाही. जळताना क्षणभर तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या रेणूंच्या तुकड्यांमधून ठरावीक रंगांचा प्रकाश निघतो, त्याचा तो रंग आहे. ज्योतीचे तापमान सुमारे दोन हजार केल्विन असते. त्या तापमानाची घन वस्तू नारिंगी-पिवळी दिसेल, निळी मुळीच दिसणार नाही. उपमेचा निष्कर्ष योगायोगाने बरोबर आहे, कारण मात्र चूक आहे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड हे खरे उदाहरण. ते आधी काळसर लाल, मग तांबडे, मग नारिंगी, मग पिवळसर होते. त्यापुढे ते वितळते, म्हणून निळ्यापर्यंत पोचत नाही. तारा आधीच वायुरूप असल्यामुळे त्याला ती अडचण नाही. गरम पाण्याच्या नळावर लाल आणि थंड पाण्याच्या नळावर निळी खूण असते, हा संस्कारही मुलांच्या मनात असतो. त्याचाही वर्गात उल्लेख करून तो बाजूला ठेवावा.

रंगाविषयी आणखी एक गैरसमज असा की, निळा तारा म्हणजे फार मोठ्या दीप्तीचा तारा. व्याधही निळसर पांढराच आहे. त्याचे तापमान सुमारे ९,९०० केल्विन आहे, पण दीप्ती सूर्याच्या केवळ २५ पट. ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून निघणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. हा हिशोब केला, तर राजन्याचा एक चौरस मीटर व्याधाच्या एका चौरस मीटरपेक्षा फक्त सव्वादोन पट ऊर्जा देतो. बाकीचा सगळा फरक आकारमानाचा आहे. व्याधाची त्रिज्या सूर्याच्या १.७ पट आहे, राजन्याची सुमारे ७८ पट. त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे पृष्ठभाग दोन हजारपटींहून थोडा अधिक. त्याला सव्वादोनाने गुणले की साडेचार हजारपट हे उत्तर मिळते. राजन्याची दीप्ती व्याधाच्या साडेचार हजारपट आहे, ती मुख्यतः तो प्रचंड फुगलेला आहे म्हणून.

हे फुगलेपण कसे कळले? हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण करताना अँटोनिया मॉरी यांच्या लक्षात आले की, एकाच प्रकारच्या काही ताऱ्यांच्या वर्णपटातील रेषा विलक्षण बारीक व रेखीव असतात. त्यांनी १८९७ मध्ये या ताऱ्यांचा वेगळा गट केला. डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ मध्ये दाखवले की, हे तारे अतिशय मोठ्या दीप्तीचे आहेत. फुगलेल्या ताऱ्याच्या वातावरणात वायू विरळ असतो, अणूंची एकमेकांशी रेटारेटी कमी होते, म्हणून रेषा बारीक राहतात. तारा एखाद्या बिंदूसारखा दिसत असला, तरी त्याचा आकार असा वर्णपटातून बोलतो.

पुढे आकार प्रत्यक्षही मोजला गेला. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे हॅनबरी ब्राउन यांनी दोन दूरस्थ आरशांतील प्रकाशाची तुलना करून ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजले, त्यांत राजन्य होता. नंतरच्या अधिक अचूक मापनाप्रमाणे हा व्यास कोनीय सेकंदाच्या २.७५ सहस्रांश आहे. सुमारे १,९०० किलोमीटरवर ठेवलेले अडीच सेंटिमीटरचे नाणे एवढेच दिसेल. पुण्याहून कोलकातासुद्धा इतके दूर नाही.

आकडा आला कोठून?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ४०,०००, ५७,००० आणि १,२०,००० यांतला खरा आकडा कोणता?

दीप्ती कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही. दिसतो तो ठळकपणा. त्यावरून दीप्ती काढायची तर अंतर हवे. अंतर काढण्याची मूलभूत पद्धत पराशयाची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो, ते सरकणे मोजायचे. राजन्याचे सरकणे फार लहान आहे. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात ते मोजले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ते कोनीय सेकंदाच्या ४.२२ सहस्रांश असून त्यात ०.८१ ची अनिश्चितता होती. त्याच निरीक्षणांचे २००७ मध्ये नव्याने विश्लेषण झाले, तेव्हा ३.७८ सहस्रांश हा आकडा आला आणि अनिश्चितता ०.३४ वर उतरली.

पहिल्या आकड्याप्रमाणे अंतर ७७५ प्रकाशवर्षांच्या आसपास येते, पण अनिश्चितता धरली तर ते ६५० ते ९५० यांपैकी काहीही असू शकते. दीप्ती अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे त्या काळी दीप्तीच्या दोन टोकांच्या आकड्यांत दुपटीहून अधिक फरक पडत होता. दुसऱ्या आकड्याप्रमाणे अंतर ८६० प्रकाशवर्षे आणि मर्यादा साधारण ७९० ते ९५०. हिप्पार्कसच्या आधीच्या अनेक पुस्तकांत अंतर ९०० प्रकाशवर्षे धरलेले असे.

आता गणित करू. ८६० प्रकाशवर्षांवरून ०.१३ प्रतीचा दिसणारा तारा दृश्य प्रकाशात सूर्याच्या सुमारे ५३,००० पट दीप्तीचा असला पाहिजे. अंतर ७७५ धरले तर हाच आकडा ४३,००० होतो. ९०० धरले तर ५८,०००. म्हणजे पुस्तकांतले ४०,००० आणि ५७,००० हे दोन्ही आकडे एकाच निरीक्षणातून आलेले आहेत, फक्त धरलेली अंतरे वेगळी आहेत. आणि हे दोन्ही केवळ दृश्य प्रकाशाचे आहेत. डोळ्याला न दिसणारा अतिनील भाग मिळवला की ८६० प्रकाशवर्षांसाठी आकडा लाखाच्या घरात जातो. वाटेतील धुळीने शोषलेल्या प्रकाशाची दुरुस्ती केली की तो आणखी थोडा वाढतो.

या उत्तराचा ताळा वेगळ्या मार्गाने घेता येतो. त्रिज्या सूर्याच्या ७८ पट, तिचा वर्ग सुमारे ६,१००. तापमान सूर्याच्या २.१ पट, त्याचा चौथा घात सुमारे १९. गुणाकार १,१६,०००. म्हणजे १,२०,००० हा आकडा एकूण दीप्तीचा आहे आणि आज उपलब्ध अंतराप्रमाणे तो योग्य आहे. पण अंतराची अनिश्चितता लक्षात घेता तो एक लाख ते एक लाख चाळीस हजार यांच्या दरम्यान आहे असेच म्हटले पाहिजे.

तर शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर असे. तिन्ही आकडे आपापल्या गृहीतांसह बरोबर आहेत आणि गृहीतांशिवाय तिन्ही निरुपयोगी आहेत. दोष आकडा देणाऱ्या शास्त्रज्ञाचा नाही. आकड्याच्या मागची वाट पुसून टाकून केवळ आकडा उतरवून घेणाऱ्या लेखकाचा आहे. 'दृश्य प्रकाशात' हे दोन शब्द आणि 'अंतर ९०० प्रकाशवर्षे धरल्यास' हे चार शब्द वाचवण्याच्या नादात आपण एका सुंदर गणिताचे रूपांतर तीन परस्परविरोधी विधानांत केले आहे.

अधिक आधुनिक उपग्रहाने हा प्रश्न सुटला असेल असे वाटेल. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया उपग्रहाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले, परंतु त्याची उपकरणे मंद ताऱ्यांसाठी बनवलेली असल्यामुळे राजन्यासारखे अतिठळक तारे त्याच्या आवाक्याबाहेर राहिले. भारताच्या २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर अतिनील दुर्बीण होती. तिची संवेदके इतकी नाजूक की, अशा ठळक ताऱ्यांकडे ती वळू नये याची काळजी घ्यावी लागे. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा तारा अत्याधुनिक उपकरणांना अवघड जावा, हीदेखील विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

हा आकडा अचूक हवा याला कारण आहे. ताऱ्याचे वस्तुमान, वय आणि भवितव्य यांचे अंदाज दीप्तीवर अवलंबून असतात. राजन्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे वीसपट मानले जाते, दीप्ती मात्र लाखाहून अधिक पट. म्हणजे प्रत्येक किलोग्रॅममागे तो सूर्याच्या पाच-सहा हजारपट वेगाने ऊर्जा खर्च करतो. त्याचे वय ऐंशी लाख वर्षांच्या आसपास असावे, सूर्याचे ४६० कोटी वर्षे आहे. एवढ्या अल्प काळात राजन्याने गाभ्यातील हायड्रोजन संपवला आहे. त्याच्या प्रखर प्रकाशाच्या रेट्याने त्याच्या पृष्ठभागावरून वायूचा वारा सतत बाहेर वाहतो आणि दरवर्षी सूर्याच्या वस्तुमानाच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढे द्रव्य निघून जाते. अखेर तो अतिदीप्त नवतारा म्हणून फुटेल. अंतराचा आकडा बदलला की या साखळीतील प्रत्येक कडी थोडी हलते.

विक्रमांची हौस

चौथा दोष सर्वांत लोकप्रिय आहे. 'विश्वातील सर्वांत मोठा', 'सर्वांत जड', 'सर्वांत तेजस्वी' अशी विशेषणे लावली की लेख वाचला जातो, प्रश्नमंजूषेला प्रश्न मिळतो. निळ्या ताऱ्यांच्या बाबतीत ही हौस कशी फसते याचे एक उदाहरण पाहू.

मोठ्या मॅजेलन मेघात, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर, आर १३६ नावाची अतिशय ठळक निळी वस्तू आहे. १९८१ मध्ये असा दावा झाला की, हा एकच तारा असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या दोन हजारपटींहून जास्त आहे. १९८५ मध्ये अधिक बारकाईने टिपलेल्या प्रतिमांत त्या एका ताऱ्याचे अनेक तारे झाले. पुढे अवकाश दुर्बिणीतून तो दाट तारकागुच्छ असल्याचे स्पष्ट दिसले. त्यातील सर्वांत जड ताऱ्याला आर १३६ ए १ म्हणतात. त्याचे वस्तुमान २०१० मध्ये सूर्याच्या २६५ पट सांगितले गेले, २०१६ मध्ये ३१५ पट आणि २०२२ मध्ये सुमारे २०० पट. यात कोणी लबाडी केली नाही. प्रतिमा सुधारली, शेजारचे तारे वेगळे झाले आणि गणित बदलले. ज्याने '२६५' हा आकडा पाठ केला त्याच्या हाती शिळी माहिती उरली. दोन हजारांचा आकडा दोनशेवर कसा आला हे ज्याला कळले त्याला विज्ञान कळले.

शिवाय हा तारा पुण्याच्या क्षितिजापासून फार तर अडीच अंश वर येतो, म्हणजे व्यवहारात तो आपल्याला दिसतच नाही. राजन्य मात्र पुण्यातून दक्षिणेस ६३ अंश उंच चढतो आणि शहराच्या उजेडातही दिसतो. पाहता न येणाऱ्या विक्रमवीराच्या मागे लागून पाहता येणाऱ्या ताऱ्याकडे पाठ फिरवण्यात काय हशील?

पुण्यातील एक जुना वेध

निळ्या ताऱ्यांचा न दिसणारा प्रकाश ही काही परदेशी उपग्रहांचीच गोष्ट नाही. तिचा एक धागा पुण्यात आहे. आज अभियांत्रिकीसाठी प्रसिद्ध असलेल्या येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिची सुरुवात झाली. तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण बसवली. त्या काळी ती देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. त्यांनी ज्यांचे वेध घेतले त्यांत मृगातील तेजोमेघाचा वर्णपट होता.

तीन ताऱ्यांच्या बाणाच्या दक्षिणेस अंधुक धुरकट डाग दिसतो, तो हा तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. ती कोणत्या द्रव्याची, हे एकोणिसाव्या शतकात कोणालाच उलगडत नव्हते. पृथ्वीवर नसलेले नवे मूलद्रव्य असावे अशीही कल्पना होती. १९२७ मध्ये अमेरिकेच्या बोवेन यांनी कोडे सोडवले. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन काढून घेणारी ऊर्जा येते तेजोमेघाच्या पोटातील अतितप्त निळ्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांतून. राजन्य हा त्या ताऱ्यांपैकी नव्हे, तो तेजोमेघापेक्षा आपल्याला बराच जवळ आहे. पण तत्त्व एकच आहे. जो प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही त्याच्या परिणामाचा वेध पुण्यात शंभर वर्षांहून आधी घेतला जात होता.

१९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढच्या काळात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि १९८८ मध्ये आयुका पुण्यात स्थापन झाल्या. २००६ पासून जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. एवढी परंपरा शेजारी असताना आपल्या वर्गातला निळा तारा भित्तिपत्रकावरच राहावा, हे खटकते.

वर्गात काय करता येईल?

टीका केली की पर्यायही सांगितला पाहिजे. खालील गोष्टींना फारसा खर्च नाही.

पहिली गोष्ट रंगाची. साध्या द्विनेत्रीतून राजन्य आणि काक्षी आळीपाळीने पाहावेत. भिंगे थोडी फिरवून प्रतिमा मुद्दाम अस्पष्ट करावी. बिंदूची लहान चकती होते आणि रंग अधिक सहज ओळखू येतो. विद्यार्थ्यांनी जो रंग दिसेल तो आपल्या शब्दांत वहीत लिहावा, नंतरच चित्राशी तुलना करावी.

दुसरी गोष्ट ठळकपणाची. दोन ताऱ्यांपैकी अधिक ठळक कोणता हे दर आठवड्याला नोंदवावे. बायर यांनी १६०३ मध्ये काक्षीला 'अल्फा' आणि राजन्याला 'बीटा' ही अक्षरे दिली, म्हणून काक्षी अधिक ठळक असे अनेकांना वाटते. बहुतेक वेळा राजन्यच ठळक असतो. काक्षीचे तेज बदलते, २०१९-२० च्या हिवाळ्यात ते १.६ प्रतीपर्यंत उतरले होते. राजन्यातही अल्पसा बदल होतो, पण तो डोळ्याने जाणवणे कठीण आहे.

तिसरी गोष्ट अंतराची. जाड कागदावर तेलाचा थेंब लावून तो दोन दिव्यांच्या मधे धरावा. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडतो तेव्हा तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. एकाच प्रकारचे, पण लहानमोठ्या वॉटचे दिवे घेऊन डाग नाहीसा होण्याची अंतरे मोजावीत आणि त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढावे. ठळकपणा, अंतर आणि दीप्ती यांचा संबंध येथे हाताने कळतो. दिव्याचे अंतर मोजताना दहा टक्के चूक केली तर उत्तर वीस टक्क्यांनी चुकते, हेही याच प्रयोगात दिसते. राजन्याच्या आकड्यात नेमके हेच घडते.

चौथी गोष्ट सोबत्याची. ज्या शाळेजवळ सहा इंची दुर्बीण असेल तिने स्थिर हवेच्या रात्री राजन्यापासून साडेनऊ कोनीय सेकंदांवर असलेला ६.७ प्रतीचा मंद तारा शोधावा. राजन्यापेक्षा तो सुमारे चारशेपट मंद असल्यामुळे झळाळीत हरवतो, मोठी विवर्धनशक्ती वापरून धीराने पाहावे लागते.

लेखकांना आणि संपादकांना आमची विनंती एवढीच आहे की, ताऱ्याविषयीच्या प्रत्येक मोठ्या आकड्यासोबत तीन गोष्टी छापाव्यात : तो कशाचा आहे, कोणत्या अंतरासाठी आहे आणि किती मागेपुढे होऊ शकतो. जागा एका ओळीची लागेल. शिक्षकांना विनंती अशी की, दोन पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत तर ती अडचण लपवू नये. फळ्यावर दोन्ही आकडे लिहावेत आणि वरचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. गुण आकड्याला न देता मांडणीला द्यावेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास राजन्य पुण्याच्या आकाशात सर्वांत उंच असतो. दक्षिणेकडे तोंड करून मान बरीच वर करावी, बाणाच्या तीन ताऱ्यांपासून उजवीकडे खाली नजर न्यावी. दहावीच्या मुलांच्या परीक्षा त्यानंतर असतात, म्हणून नववीच्या वर्गापासून सुरुवात केलेली बरी.